ठकूबाईंची सहावी दाढ

४ जानेवारी २०१०, सोमवार

नोकरी पक्की झाली. डॉ. श्यामकांत गुप्ते यांनी सकाळी साडेनऊला क्लिनिकच्या दारातच सांगितलं, की ट्रायल वगैरे काही नाही, आजपासून तू इथलीच. मी लगेच आईला फोन केला. आईने लक्ष्मीबाई नगरातल्या निम्म्या क्वार्टर्सना कळवलं असणार. परतताना बसस्टॉपवर बाबांच्या ऑफिसातल्या एका काकांनी मला डॉक्टरसाहेबा म्हणून हाक मारली.

क्लिनिक दिल्लीतल्या द्वारकेत, एका सोसायटीच्या तळमजल्यावर आहे. दोन खुर्च्या, एक एक्स-रे, आणि खिडकीबाहेर धुकं एवढं की समोरची इमारत अकरा वाजता उगवली. सर सत्तरीला आले आहेत. हात मात्र असे स्थिर, की त्यांच्या बोटांवर पेला ठेवावा.

त्यांनी मला हत्यारं दाखवली. बहुतेक तीच, जी कॉलेजात वापरली. पण एक ट्रे त्यांनी वेगळा काढला. त्यात पेरिओटोम होते. पात्यासारखं पातळ, लवचीक टोक. दात आणि हाड यांच्यामध्ये जे तंतू असतात, ते या पात्याने एकेक करून सोडवायचे. सर म्हणाले, दात ओढायचा नसतो, त्याला निघायला राजी करायचं असतं. ओढतो तो सुतार. मी हसले तर म्हणाले, हसू नकोस, मी दहा वर्षं सुतारच होतो.

इथे नीलाताई आहेत, मदतनीस. मूळच्या कराडच्या, नवरा फौजेत होता, आता कँटोन्मेंटजवळ राहतात. त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत विचारलं, लग्नाचं काय मॅडम? मी म्हटलं, आधी पगार होऊ दे. त्या म्हणाल्या, बिल्कुल, पण दोन्ही एकदम झालं तरी चालतंय.

खूप छान दिवस.

७ जानेवारी, गुरुवार

आज सरांच्या शेजारी उभी राहून पहिला दात काढला. पन्नाशीचे गृहस्थ, वरचा दात, मूळ वाकडं.

सरांची पद्धत लिहून ठेवते, म्हणजे विसरणार नाही. थंडीत इंजेक्शनची बाटली आधी तळहातात धरून कोमट करायची. गार औषधच जास्त झोंबतं. सुई गेल्यावर मनात साठपर्यंत मोजत औषध सोडायचं. मग थांबायचं. पेशंटशी बोलायचं, पण प्रश्न विचारायचे नाहीत, कारण तोंड उघडं असताना माणूस उत्तर कसं देणार. मग पेरिओटोम, दाताच्या चारी बाजूंनी. मग एलिव्हेटर, म्हणजे दात सैल करायची छोटी पहारच, तोही दाबायचा नाही, फिरवून धरायचा आणि वाट पाहायची. हाड आपणहून जागा देतं. पकड सगळ्यात शेवटी, आणि ती फक्त उचलायला.

वीस मिनिटं लागली. गृहस्थांनी विचारलं, शुरू कब करेंगे? तेव्हा दात ट्रेमध्ये होता. सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. कुमुद, तुझा हात हलका आहे, म्हणाले. हे शिकवता येत नाही.

मला ते दिवसभर आठवत राहिलं.

११ जानेवारी, सोमवार

सर पुण्याला गेले आहेत, पुतण्याच्या साखरपुड्याला. परवा येतील. आज क्लिनिक माझ्यावर होतं.

दुपारी ठकूबाई आल्या. वय सत्तरच्या आसपास, सातारा जिल्ह्यातल्या खटावकडच्या. मुलगा हिंदुराव फौजेत हवालदार आहे. त्याने दोन महिन्यांपूर्वी आईला दिल्लीला आणलं. फौजी हॉस्पिटलचं त्यांचं कार्ड अजून बनलेलं नाही, म्हणून नीलाताईंनी इथे पाठवलं. खालच्या डाव्या बाजूला आठ दिवस ठणका. नेमकी कुठली दाढ, असं विचारलं, तर त्यांनी सगळा गालच दाखवला.

तोंडात पाहिलं. सगळे दात काळपट, आणि समोरच्या मधल्या रेषेपासून दात मोजत गेलं की सहावी येते ती दाढ सगळ्यात काळी. खाचा भरलेल्या. प्रोबचं टोकदार टोक लावलं तर अडकलं. मी ठरवलं, हीच.

एक्स-रे काढायला हवा होता. पण थंडीत फिल्म धुवायचं औषध गारठतं, चित्र यायला अर्धा तास लागतो, आणि बाहेर चार जण बसले होते. नाही काढला.

सरांनी सांगितलं तसंच सगळं केलं. बाटली कोमट केली, साठ मोजले. खालचा डावा जबडा, ओठ, अर्धी जीभ, सगळं बधिर. ठकूबाई डोळे मिटून पडल्या होत्या. मी त्यांच्याशी गावाबद्दल बोलत राहिले. बावीस मिनिटांत दाढ बाहेर आली, दोन्ही मुळं अखंड. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुंदर काम.

मग ती ट्रेमध्ये धुतली.

काळं वर वर होतं. प्रोबने गालाकडच्या बाजूला ओरखडा काढला, तिरका, तांदळाच्या दाण्याएवढा. खाली पांढरं. टणक. दाढ धडधाकट होती. आणखी वीस वर्षं टिकली असती.

पुन्हा तोंडात पाहिलं. कीड मागच्या सातव्या दाढेला होती, पाठीमागून, सहावी काढल्यावर आरसा नीट आत गेला तेव्हा दिसली.

नीलाताई बाहेर रजिस्टरपाशी होत्या. ठकूबाईंना काहीच जाणवत नव्हतं. दुसरं इंजेक्शनसुद्धा लागणार नव्हतं. मी सातवी काढली. आणि मग सांगितलं, दोन्ही गेलेल्या होत्या आजी, दोन्ही काढल्या.

त्यांनी माझा हात हातात घेतला. बधिर तोंडाने म्हणाल्या, डागदरीनबाई, लई हलका हात हाय गं तुझा, मला कळलंच न्हाई.

निघताना त्यांनी दाढा मागितल्या. माझ्या हाडाच्या हाईत, म्हणाल्या, गावाकडं नेऊन मातीत घालीन. मी त्यांना किडकी दिली. दुसरीचे तुकडे झाले, असं सांगितलं. चांगली दाढ मी क्लिनिकच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकली.

संध्याकाळी चहा पिताना ओघळला. खालचा ओठ डावीकडे जड वाटतोय, इंजेक्शन घेतल्यासारखा. सुई कुठे लागली की काय, आठवत नाही.

१२ जानेवारी, मंगळवार

नीलाताईंना सहज विचारल्यासारखं विचारलं, ठकूबाईंचे दात इतके काळे कसे. त्या हसायला लागल्या. मॅडम, तुम्ही मराठी ना? मिश्री माहीत नाही? भाजलेल्या तंबाखूची पूड असते, गावाकडच्या बायका रोज सकाळी दातांना लावतात. दुखत असलं की दुखऱ्या बाजूला जास्त. माझी सासू तर डबी उशाशी घेऊन झोपायची.

मला माहीत नव्हतं. आमच्या घरात कुणी लावत नाही. सरांना एका नजरेत कळलं असतं. गावाकडून नुकत्याच आलेल्या कुठल्याही मराठी डॉक्टरला कळलं असतं. सर नेहमी पेशंटना सांगतात, आमची कुमुद आपल्याकडचीच आहे, तुमचं बोलणं तिला समजेल.

पिवळी पिशवी सकाळी गाडी घेऊन गेली. बरं वाटलं. बरं वाटल्याची लाज वाटली.

ओठ अजून तसाच.

१५ जानेवारी, शुक्रवार

ठकूबाई आणि हिंदुराव तिळगूळ घेऊन आले. काल संक्रांतीला हिंदुराव त्यांना पानिपतला घेऊन गेला होता, काला अंबला, मराठ्यांच्या लढाईच्या स्मारकापाशी. ठकूबाईंनी तिथे हात जोडले, आणि बसमध्ये सगळ्यांना माझ्याबद्दल सांगितलं म्हणे. हिंदुराव म्हणाला, मॅडम, आई घाबरत नाही फक्त दोघांना, एक मी आणि एक तुम्ही. ठकूबाईंनी त्याला कोपर मारलं. तुला कोण घाबरतंय, म्हणाल्या.

वेटिंगमधल्या लोकांसमोर त्यांनी माझ्या हाताचं कौतुक केलं. मग स्वतः लाडू खाल्ला. उजवीकडून. लाडू डावीकडे गेला की थांबायच्या, जिभेने परत उजवीकडे आणायच्या. डावीकडं आता काय चावंना, म्हणाल्या, पर दुखत न्हाई, तेच लई झालं.

तेव्हा सांगायला हवं होतं. हिंदुराव समोर होता.

ते गेल्यावर बँकेत काम करणारे एक गृहस्थ आले, वरचा उजवा चौथा दात. एक्स-रे काढला, अर्धा तास थांबले, फिल्म दोनदा पाहिली. एक मूळ, कीड मुळापर्यंत. शंका नाही. पेरिओटोम, एलिव्हेटर, पकड. सहज निघाला.

पकडीत दाढ होती.

दोन मुळांची, खालच्या जबड्याची दाढ. काळी. गालाकडच्या बाजूला तिरका पांढरा ओरखडा.

मी त्यांच्या तोंडात पाहिलं. खड्डा एकाच मुळाचा, लहान. ही दाढ त्यातून येऊच शकत नाही. गृहस्थ म्हणाले, हो गया? अरे वाह. बिल्कुल पता नहीं चला.

मी ती कापसात गुंडाळून टाकली. थकवा असेल. चार दिवस नीट झोपले नाही.

१८ जानेवारी, सोमवार

दोन दात काढले. एक कॉलेजच्या प्राध्यापिकेचा, एक टॅक्सीवाल्याचा.

दोन्ही वेळा तीच.

थकवा नाही. नीलाताईंनीही पाहिली. ट्रे उचलताना म्हणाल्या, अच्छा, या प्रोफेसरबाई मिश्री लावतात? पंजाबी वाटल्या होत्या. मग नीट निरखून म्हणाल्या, दाढ तर चांगली दिसते की मॅडम.

मी म्हटलं, आतून गेलेली आहे.

पहिल्यांदा ती कोरडी होती. आज ओली होती. टॅक्सीवाल्याच्या वेळी मुळांच्या टोकांना रक्त होतं, ताजं, आणि हातमोज्यातूनही ती कोमट लागली.

आता जीभही. डावी अर्धी. घरी आमटीत मीठ नाही हे मला कळलं नाही. आईने विचारलं, काय झालंय गं तुला, नीट बोल ना. मी म्हटलं, तोंड आलंय.

२० जानेवारी, बुधवार

आज सरांना सांगायचं म्हणून लवकर गेले. रस्त्यात वाक्य तयार केलं होतं. सर, मी ठकूबाईंची चांगली दाढ काढली आणि त्यांच्याशी खोटं बोलले. एवढंच. बसमध्ये चार वेळा मनात म्हटलं.

सर चहा घेत होते. माझ्याकडे बघून काय समजले कोण जाणे, आपणच बोलायला लागले. म्हणाले, एकदा त्यांनी चुकीचा दात काढला होता. सुतार होते तेव्हाची गोष्ट. त्याच मिनिटाला पेशंटला सांगितलं. त्याने खुर्चीतच आई-बहिणीवरून शिव्या दिल्या, छातीवरचा रुमाल फेकला, निघून गेला. दोन महिन्यांनी बायकोला घेऊन आला. म्हणाला, हा डॉक्टर चुकतो, पण लपवत नाही.

मग सर म्हणाले, तुझं मात्र बरं आहे, तुझ्या पेशंटना दुखतच नाही.

मी म्हटलं, हो सर.

मी म्हटलं, हो सर. एवढंच म्हटलं. माझ्यासमोर दार उघडून ते उभे होते आणि मी हसले.

दुपारी त्यांनी एक केस दिली. मी सांगितलं, सर, हात दुखतोय. आता दात काढणार नाही. सफाई, दातात सिमेंट भरणं, बस.

२२ जानेवारी, शुक्रवार

सफाई करत होते. नुसती सफाई. एका बाईंचा पुढचा दात हलत होता, बोट लावलं तर हातात आला.

हातात दाढ आली.

गरम. मुळांमध्ये ठोका. नाडीसारखा. मी बोटं लावून मोजला, सत्तर, बहात्तर. म्हाताऱ्या माणसाचा असतो तसा, मध्येच एक चुकवणारा.

ठकूबाईंची नाडी मी त्या दिवशी इंजेक्शनआधी मोजली होती. कार्डावर लिहिलेली आहे. मी कार्ड काढून पाहिलं नाही.

ती मी ड्रॉवरमध्ये ठेवली. पिशवीत टाकवेना. जिवंत वस्तू कशी टाकायची.

उजव्या हाताची दोन बोटं बधिर.

२३ जानेवारी, शनिवार

ड्रॉवर रिकामा. कापूस ओला.

हिंदुरावचा फोन आला. आईचं फौजी हॉस्पिटलचं कार्ड बनलं. पण ती तिकडे जायला तयार नाही. तिला आता सगळेच दात काढायचे आहेत, कवळी बसवायची आहे. डावीकडून चावता येत नाही, भाकरी खाता येत नाही, वजन उतरलंय. म्हणते, त्या पोरीच्या हाताखाली काय कळत न्हाई, तिच्याकडनंच एकदाचं सगळं काढून टाकू. हिंदुराव हसत म्हणाला, मॅडम, तुम्ही आईवर जादू केली.

सगळे चांगले दात. माझ्यामुळे. मी खोटं बोलले म्हणून.

फोनवरच सांगायला सुरुवात केली. हिंदुराव, तुमच्या आईची दाढ — ओठ हलला नाही. जीभ उचलली नाही. तोंडातून नुसता आवाज आला. तो म्हणाला, रेंज नाही मॅडम, असू दे, बुधवारी अकराला आणतो. हॅलो. हॅलो. ठेवला.

हिंदुरावचा आवाज मोठा, शेजारी बसलेल्या सरांनी सगळं ऐकलं. म्हणाले, चांगले दात काढायचे नसतात, समजावून सांग तिला. तुझं ऐकेल ती.

२५ जानेवारी, सोमवार

आता बोलता येत नाही. आईला चिठ्ठी लिहिली, घसा बसलाय. आई हळद-दूध देते. कोमट आहे की गार, कळत नाही.

सरांना लिहून द्यायचं ठरवलं. कागद घेतला. तीन शब्द झाले आणि उजवा हात — बोटांमधून पेन पडलं. उचललं, पुन्हा पडलं. इथे, या वहीत, लिहिता येतं. दुसऱ्या कुणाला दाखवायच्या कागदावर नाही.

पण वही तर दाखवता येईल.

बुधवारी वहीच देईन. सर बुधवारी बाराला येतात. ठकूबाई अकराला. तेवढा एक तास —

२७ जानेवारी, बुधवार. सकाळी ११

ठकूबाई आल्या. हिंदुराव सोडून ड्यूटीवर गेला, दुपारी न्यायला येईल. नीलाताई औषधाच्या दुकानात गेल्यात, दहा मिनिटांत येतील.

किती वाळल्यात. खुर्चीत बसल्या, पदर नीट केला. मला म्हणाल्या, घसा बसलाय व्हय तुझा? बोलू नगंस. तू कर तुझं काम, मी डोळं मिटते.

मी मान हलवून नाही म्हणतेय. त्यांचे डोळे मिटलेत.

११.०५

वही त्यांच्या हातात दिली. उलटी धरली त्यांनी. हसल्या. मला कुठं वाचाय येतंय बाई, म्हणाल्या. परत दिली.

नीलाताई येईपर्यंत थांबायचं. त्या वाचून दाखवतील. शिव्या मिळू देत. सगळं मिळू दे.

११.०९

हे डाव्या हाताने लिहितेय. उजवा जाणवतच नाही, खांद्यापासून. पण तो थांबलेला नाही. बाटली तळहातात धरून बसलाय. कोमट करतोय.

दुसऱ्या हाताने ओढला. नाही. इतका हलका आहे की धरताच येत नाही.

११.१२

साठ मोजून झाले. मी मोजले नाहीत.

त्यांनी तोंड उघडलंय. भीती नाही चेहऱ्यावर. माझ्यावर एवढा —

पेरिओटोम उचलला. आधी वरचा. पाचवा. चांगला आहे तो. चांगला

दारात चप्पल वाजली. नीलाताई. नीलाताई, आधी माझा हात धरा, मग हे मोठ्याने वाचा. ठकूबाईंना ऐकू जाईल असं. खालची डावी सहावी दाढ चांगली होती. किडलेली नव्हती. तुकडेही झाले नव्हते. ती मी